कॅम्प्टोथेसिन मीडियात टाकलं की गढूळ होतंय, काय करू?

पेट्रीडिश: नमस्कार मंडळी, एमएस्सी बायोटेकला आहे, प्रोजेक्टमध्ये कॅन्सर सेल लाइनला (लॅबमध्ये वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशींना) कॅम्प्टोथेसिन हे पेशी मारणारं रसायन देतेय. पाण्यात विरघळत नाही म्हणून डीएमएसओ या सॉल्व्हंटमध्ये स्टॉक (घट्ट द्रावण) केला, तो एकदम क्लिअर, पण मीडियात (सेल्स वाढवायच्या पोषक द्रवात) टाकला की गढूळ होतो आणि मायक्रोस्कोपखाली बारीक सुया दिसतात. शिवाय सकाळी मिसळून ठेवलेलं दुपारी टाकलं तर सेल्स फारशा मरत नाहीत, लगेच टाकलं तर मरतात. पावडर खराब झालीय का? आणि सीनियर म्हणतात पावडर महाग पडते, आंबोलीकडून नरक्याची साल आणून (त्या झाडात कॅम्प्टोथेसिन असतं) आपणच काढू. जमेल का?

लॅबकर: पावडर ठीक असणार. या रेणूत एक लॅक्टोन रिंग (अणूंचं कडं) आहे, सगळा खेळ तिचा. ती बंद असेल तरच हे टोपोआयसोमरेज १ (डीएनएला चीर पाडून पीळ सोडवणारं आणि परत सांधणारं एन्झाइम) आणि डीएनएच्या मध्ये जाऊन बसतं, मग एन्झाइमने पाडलेली चीर परत सांधली जात नाही आणि डीएनएची कॉपी होताना सेल मरते. पीएच ७.४ आणि ३७ डिग्रीला ही रिंग भराभर उघडते, निम्मा माल निकामी व्हायला साधारण अर्धा तास पुरतो, म्हणून दुपारी तुमच्या हातात काही उरत नाही. मीडियात मिसळलं की लगेच सेल्सवर घाला. सुया म्हणजे डोस जास्त होतोय, आधी डीएमएसओतच डायल्यूट करा, मग कोमट मीडियात हलवत हलवत हजारास एक टाका, आणि कंट्रोललाही (औषध न दिलेल्या सेल्सना) तेवढंच डीएमएसओ द्या. स्टॉकचे छोटे भाग करून उणे २० ला, अंधारात.

निळा_लिटमस: ग्लोव्ह्ज विसरू नका हां, डीएमएसओ कातडीतून आत जातं आणि सोबत औषधालाही नेतं.

जुना_केमिस्ट: या रिंगपायी माणसांनाही त्रास झालाय. १९६६ मध्ये अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी हे एका चिनी झाडातून वेगळं केलं, वाणी आपल्या नंदुरबारचे, मुंबई विद्यापीठात शिकलेले, अभिमान वाटतो. पुढे पाण्यात विरघळावं म्हणून सोडियम सॉल्ट करून पेशंटना दिलं, म्हणजे रिंग उघडलेलंच रूप, गुण कमी आणि मूत्राशयातून रक्तस्राव, ट्रायल बंद पडल्या. नेमकं कुठे काम करतं ते १९८५ ला कळलं आणि मग १९९६ मध्ये अमेरिकेत टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही यापासून बनवलेली कॅन्सरची औषधं बाजारात आली.

दोडामार्गकर: सालीचा विचार सोडा ताई, कळकळीने सांगतो. आमच्याकडे नरक्याची झाडं रातोरात तोडून, तुकडे करून, वाळवून पोत्यांनी बाहेर जातात, वनखातं गाड्या पकडतं तरी थांबत नाही. परवानगीशिवाय साल काढलीत तर तुमच्यावरही केस होईल. आणि साल उकळून शुद्ध कॅम्प्टोथेसिन येत नाही, सोबत त्याचा मेथॉक्सी भाऊ (जवळपास तसाच दुसरा रेणू) येतो, तोही सेल्स मारतो, मग डोस कसला मोजणार? टीएलसी (पातळ थरावर घटक वेगळे करून बघायची पद्धत) शिकायचीच असेल तर रीतसर परवानगी काढून थोडी पानं घ्या, ३६५ नॅनोमीटरच्या यूव्ही दिव्याखाली निळा ठिपका चमकतो, शेजारी तुमची पावडर लावून ताडून बघा.

पेट्रीडिश: खूप खूप आभार सगळ्यांचे. सोमवारी ताजं मिसळून लावते, साल नको हे सीनियरना मीच सांगेन.