वाड्याच्या चौकातली पन्हळ गळतेय: तांबं, जस्ती पत्रा की आणखी काही? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

पुण्यात कसबा पेठेत आमचा दुमजली वाडा आहे. छपराची चारही पाखी चौकात उतरतात. मंगलोरी कौलं, सागवानी वासे, विटा-चुन्याच्या भिंती. कौलं ठणठणीत आहेत. मे महिन्यात चाळताना फुटकी तेवढी बदलतो. दुखणं आहे ते चौकाच्या कोपऱ्यात दोन पाखी मिळतात तिथल्या पन्हळीचं. तिचा जस्ती पत्रा (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) गंजून चाळणी झालाय, पाणी थेट वाशाच्या टोकावर. एका टोकात पेचकस सहज आत जातो. खालच्या भिंतीचा गिलावा फुगून सुटतोय.

एक ठेकेदार म्हणाला, वरून डांबरी शीट चिकटवतो, दहा वर्षांची गॅरंटी (तोंडी!). दुसरा म्हणतो, कौलं उतरवा, रंगीत पत्रे टाका, कटकट संपली. मग एप्रिलच्या उन्हात तापलेल्या पत्र्याखाली माडीवर बसणार कोण? शिवाय वाडा मनपाच्या वारसा यादीत आहे. चुलतभावाचा आग्रह तांब्याचा, पण खालची आडवी पन्हळ जस्तीच आहे, ती बदलायची नाही. चालेल का? आणि तळमजल्याचे जुने भाडेकरू खर्चात धरता येतात का?

प्रतिसाद १

डांबरी शीट अजिबात नको. गळती दिसेनाशी होते आणि लाकूड खाली निवांत कुजत राहतं. तांबंही या जोडणीत नको: तांब्यावरून आलेलं पाणी जस्तावर पडलं की जस्त खाऊन टाकतं. घालायचंच तर खालची पन्हळ आणि नळही तांब्याचे करा.

जस्ती पत्राच घ्या, पण नीट बसवून. दोन्ही बाजूंनी कौलांखाली निदान सहा इंच आत जाऊ दे, कडा वर दुमडा म्हणजे जोराच्या सरीत पाणी उडी मारणार नाही. वरचा तुकडा खालच्यावर चढवा, खिळे फक्त कडेला. कौलांच्या कडा सिमेंटने लिंपू देऊ नका. मिस्त्री हमखास लिंपतात. पुढच्या वेळी ते कौल अख्खं निघत नाही. गिलावाही चुन्याचाच करा, भिंत वाळल्यावर.

पाण्याचा हिशोब सोपा: ४० चौरस मीटर पाख्यावर तासाला १०० मिमीची सर म्हणजे तासात ४,००० लिटर, सेकंदाला लिटरभराहून जास्त. नळाच्या तोंडाशी कबुतरांची घाण आणि पिंपळाची पानं असली तर कुठलाच पत्रा पुरणार नाही. आडव्या पन्हळीला दहा फुटांना अर्धा इंच उतार आहे का, दोरी लावून बघा.

वासा अख्खा बदलू नका. कुजकं टोक कापून जुन्या सागाचा तिरका जोड द्या. टिंबर मार्केटला चौकशी करा.

प्रतिसाद २

भाडेकरूंचं विसरा. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १४ प्रमाणे दुरुस्ती मालकाकडेच. उलट तुम्ही टाळलीत तर ते किमान १५ दिवसांची नोटीस देऊन स्वतः करून खर्च भाड्यातून कापू शकतात, वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत. भाडं महिना ८० रुपये असेल तर वर्षाला कापता येतील फक्त २४०. तेवढ्यात कौलवाल्यांचा चहा होईल.

धागाकर्ता

भाडं त्याहूनही कमी आहे, असो! तांबं रद्द. पत्रा किती जाडीचा, २२ गेज घेऊ की २४? आणि तिरका जोड मारणारा सुतार माहीत असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पावसाआधी उरकायचंय.