अनुभव धागा : गोव्यात तळ्या-धरणाकाठी शेतजमीन घेतलेल्यांनी लिहा

धागाकर्ता

पणजीत कुणाच्याही निवृत्तीचा समारंभ असो, चहाच्या टेबलापाशी "तळ्याकाठी एखादी बागायत बघून ठेव रे" हे ऐकू येतंच. मये, कुडतरी, करमळी, कुडचडेचं नंदा तळं, अंजुणे, साळावली, चापोली. पाणी डोळ्यांना दिसतं म्हणजे ते आपल्या झाडांनाही मिळणार असं धरून लोक टोकन देऊन मोकळे होतात. म्हणून हा धागा. ज्यांनी जमीन घेतली, घेता घेता सोडली, किंवा ज्यांच्या शेजारी कुणी येऊन घेतली, सगळ्यांनी लिहा. भाव विचारू नका, सांगू नका. दलाल मंडळींनी कृपया वाचनमात्र राहावं.

सुरुवात मी करतो. डिचोली तालुक्यात आमठाणे धरणाच्या बाजूला आम्ही दोघा भावांनी मिळून काजूची भाट, म्हणजे बागायत, घेतली. जमीन बघायला एक दुपार पुरली, कागदांत मात्र वर्ष गेलं. एक-चौदावर (हा गोव्याचा सातबारा) कब्जेदार म्हणून जे नाव होतं ते गृहस्थ मी जन्मण्यापूर्वीच वारलेले. त्यांचे पाच मुलगे, दोन मुली. गोव्याच्या दिवाणी कायद्यात मुलींचा वाटा मुलांइतकाच. शिवाय नवरा-बायकोची मालमत्ता साधारणपणे सामाईक धरतात, त्यामुळे प्रत्येक वारसाबरोबर त्याच्या जोडीदाराचीही सही लागते. म्हणजे जावई आले, सुना आल्या. एक मुलगी लिस्बनला. तिचं मुखत्यारपत्र अपोस्टील होऊन, म्हणजे तिथला अधिकृत शिक्का लागून, येईपर्यंत इकडे एक जावई रुसून बसले. शेवटी वकिलांनी सांगितलं की सह्या गोळा करत बसू नका, विकणाऱ्यांना इन्व्हेंटरी करायला लावा. कोर्टातून वाटणी होऊन जमीन एकाच्या नावावर आली, मग आमचं खरेदीखत झालं. उशीर झाला, पण आज रात्री झोप लागते.

सत्तरीची सून

धागाकर्ते, तुम्ही डिचोलीचे म्हणून वारसांवरच सुटलात. आमच्या सत्तरीत आधी विचारायचं ते हे की जमीन आल्वाराची (पोर्तुगीज काळात कसायला दिलेली) आहे, मोकाशाची (जुन्या इनामातली) आहे, सरकारी आहे की वनखात्याची. माणूस तीन पिढ्या काजू गोळा करतोय, पण एक-चौदावर त्याचं नाव नाही, असं घरोघरी. तो खोटं बोलत नसतो. त्याच्या लेखी जमीन त्याचीच. पण जे त्याच्या नावावर नाही, ते तो तुम्हाला विकणार कसं?

आमच्या सासऱ्यांची बागायत अंजुणे धरणापासून फार लांब नाही. मुंबईचं एक जोडपं शेजारची जमीन बघायला आलं होतं. मी ताईंना म्हटलं, फेब्रुवारीत या, काजूचा मोहोर आणि बोंडं बघून खूश व्हाल. पण त्याआधी एकदा ऑगस्टच्या रात्री येऊन राहा. गवेरेडे बांध तुडवून आत येतात, रानडुकरं अळूमाडी उकरतात, आणि माकडं तर दिवसाढवळ्या कोवळे नारळ पाडतात. सौर कुंपणाला सरकारी मदत मिळते हे खरं, पण त्या तारेखालचं गवत पावसाळाभर कापत राहावं लागतं, नाहीतर करंट जमिनीत उतरतो आणि डुकराला काही लागत नाही. म्हादई अभयारण्याची हद्द कुठून जाते आणि गाव पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राच्या यादीत आहे का, हेही बघून घ्या. शेती करायला आडकाठी नाही, पण शेतघराच्या नावाखाली बंगला बांधायचं मनात असेल तर आधीच सांगून ठेवलेलं बरं.

फोंड्याचा मास्तर

मी कुडतरीत भातशेती घेतली. फोंड्याचा माणूस सासष्टीत भात लावायला का गेला, असं सगळे विचारतात. उत्तर एकच, तिथलं वायंगण, म्हणजे हिवाळी भात. कुडतरीला सासष्टीचं भाताचं कोठार म्हणतात ते उगीच नाही. गावात जुनी तळी आहेत, त्यातलं राय तळं सर्वांना ठाऊक. पावसाचं पाणी त्यात साठवायचं, आणि सरदाची, म्हणजे पावसाळी भाताची, कापणी झाली की हिवाळ्यात दुसरं पीक त्याच पाण्यावर काढायचं.

पण पाणी तुमच्या बांधापर्यंत येतं ते कुणाच्या परवानगीनं, हे खरेदीखतात लिहिलेलं नसतं. तळ्याची मानस (पाणी सोडायचं दार) कधी उघडायची, आधी वरच्या शेतांना की खालच्या, बांधाची डागडुजी कोण करणार, वर्गणी किती, हे कोमुनिदाद (गावाची सामाईक जमीन सांभाळणारी जुनी संस्था) आणि कुळांची संघटना ठरवते. मी पहिलं काम केलं ते म्हणजे संघटनेच्या सभेला जाऊन मागच्या बाकावर बसलो आणि तोंड बंद ठेवलं. दुसऱ्या सभेला एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं विचारलं, "मास्तर, तुम्ही पेरणार की पडीक ठेवणार?" पेरणार म्हटल्यावर पाण्याची पाळी मिळाली. एकाच कोंडीतल्या, म्हणजे शेतांच्या सलग पट्ट्यातल्या, मधल्या शेतात कुणी पडीक ठेवलं की गवत, उंदीर आणि अडलेलं पाणी यांचा त्रास सगळ्यांनाच होतो. तो प्रश्न त्याचसाठी होता.

जात ज्योती लावली. तांबडा तांदूळ, उकडा करायला चांगला, आणि गावात खपतो. लावणीला माणसं मिळत नाहीत हे रडगाणं खरंच आहे. कापणी यंत्रानं करून घेतो, पण यंत्र सगळ्यांना एकाच आठवड्यात हवं असतं, आणि शेतात चिखल राहिला तर ते आत शिरत नाही. म्हणून कापणीच्या आधी पाणी कधी तोडायचं, हेही शेजाऱ्यांबरोबर ठरवावं लागतं. पाणपक्ष्यांचा त्रास आहेच. जांभळी पाणकोंबडी फोटोत सुंदर दिसते, पण कोवळ्या भाताच्या काड्या मोडताना बघवत नाही.

कायद्याचं एक. २०२३ पासून गोव्यात भातशेती बिगर-शेतकऱ्याला विकण्यावर निर्बंध आहेत. शेतकरी नसाल आणि शेती करायचीच असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. माझ्या नावावर आजोबांकडून आलेलं शेत होतं, म्हणून मला अडचण आली नाही. काजूच्या भाटाचा आणि कुळागराचा (सुपारी-नारळाच्या बागेचा) मामला वेगळा. दोन्हींची गल्लत करू नका.

दुबईहून एक

मास्तर, सुंदर लिहिलंत. आमच्यासारख्यांसाठी एक ओळ टाकून ठेवतो. अनिवासी भारतीयांना शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही, फेमाचा, म्हणजे परकीय चलन कायद्याचा, नियम आहे. वारशानं आली तर चालते. "बायकोच्या भावाच्या नावावर घेऊ" असल्या सल्ल्यांना मी हात जोडले. परत येईन तेव्हा बघू.

साळावलीच्या खालचा

आमचं शेत सांगे तालुक्यात, साळावलीच्या लाभक्षेत्रात. कालव्याचं पाणी आहे म्हणून जमीन महाग सांगतात, आणि ते वावगं नाही. पण लाभक्षेत्रातल्या जमिनीला १९९७ चा काडा, म्हणजे लाभक्षेत्र विकासाचा, कायदा लागतो. त्या जमिनीवर शेतीशिवाय दुसरं काही करता येत नाही. मला तेच हवं होतं, माझ्या बाजूला उद्या प्लॉट पडणार नाहीत. ज्याला "पुढेमागे सेटलमेंट झोन होईल", म्हणजे घरं बांधता येतील, म्हणून घ्यायची आहे त्यानं तिकडे फिरकू नये, आमचीही कटकट वाचेल.

कालवा जवळ असणं आणि पाणी पोचणं या दोन गोष्टी वेगळ्या. मुख्य कालव्यापासून तुमच्या शेतापर्यंत पाट कुठून येतो, वाटेत कुणी तो बुजवून घर बांधलंय का, एप्रिलमध्ये पाणी सोडतात तेव्हा शेवटच्या शेतात चिखल तरी होतो का, हे बघा. मी विकणाऱ्याला काही विचारलं नाही. पाटाच्या टोकाला ज्याचं शेत होतं त्याला विचारलं. त्यानं अर्धा तास शिव्या घातल्या, आणि त्यात मला लागणारी सगळी माहिती होती.

कुर्डीचा नातू

वर तळ्याकाठचं सौंदर्य वगैरे वाचून थोडं हसू आलं. माझ्या आजोबांचं कुळागर साळावली जलाशयाच्या काठाला नाही, तळाशी आहे. मे महिन्यात पाणी उतरलं की कुर्डीत देवळाच्या दर्शनाला सगळे जमतात, तेव्हा घराचे चिरे दिसतात. लोकांना वाडे आणि वालकिणी या गावांत वसवलं.

रागावून लिहीत नाहीये. सांगायचं ते वेगळंच. पुनर्वसनाची जमीन स्वस्तात मिळते असं कुणी म्हटलं तर ती कोणत्या अटींवर दिली होती, विकायला परवानगी लागते का, हे मामलेदार कार्यालयात जाऊन कागदावर बघा. मयेतही थोड्या फरकानं तेच. तिथल्या पुष्कळ जमिनी पोर्तुगीज काळातल्या जमीनदारांच्या, नंतर निर्वासित मालमत्ता म्हणून सरकारच्या ताब्यात गेलेल्या. कसणाऱ्यांना हक्क देणारा कायदा २०१४ साली झाला. आज तिथे तुम्हाला कुणी जमीन दाखवत असेल तर त्याच्या हातात सनद आहे की नुसती आशा, ते विचारा.

धागाकर्ता

कुर्डीकर, हे लिहिल्याबद्दल आभार. एक पुस्ती जोडतो. एक-चौदावर कब्जेदाराच्या खाली कुळाचा आणि इतर हक्कांचा रकाना असतो, तो सोडून पुढे जाऊ नका. कुळाचं नाव असेल तर १९७६ च्या दुरुस्तीनंतर ते कूळच मालक मानलं जातं, मग तुम्ही पैसे देताय ते कुणाला? आणि जमिनीत मुंडकाराचं (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचं) घर असेल तर ते राहणारच. त्याला उठवून देतो असं विकणारा म्हणाला तर तिथूनच परत फिरा.

कुळागरवाली

सावईवेऱ्याजवळ आमचं कुळागर आहे. तळं नाही, पण डोंगरातली झर आहे, म्हणून लिहिण्याचा हक्क सांगते.

इथे सगळे कागदांवर बोलताहेत, खर्चावर कुणी बोलत नाही. सुपारीला कोळेरोग येतो, म्हणून पावसाच्या तोंडावर बोर्डो मिश्रण मारायचं आणि दीड महिन्यानं पुन्हा. पावसाने उघडीप दिली नाही तर ती दुसरी फवारणी हुकते आणि झाडाखाली कच्च्या सुपाऱ्यांचा सडा पडतो. माडावर चढायला पाडेली मिळाला तर तुमचं नशीब. तो मोबाईल उचलत नाही, त्याच्या घरीच जावं लागतं आणि आधी चहा प्यावा लागतो. सुपारी विकायला गोवा बागायतदार संस्था आहे, म्हणून दर तरी कळतो. नाहीतर व्यापारी दारात येऊन म्हणेल ते.

आणि जांभ्याच्या चढावरची जमीन असेल तर खाली तळं भरलेलं असून वर विहीर एप्रिलमध्ये आटते. पाणी वर चढवायला पंप, वीज, आणि तळ्यातून उपसायची परवानगी, हे सगळं वेगळं. नवी विहीर किंवा बोअर मारायची तरी २००२ चा भूजल कायदा आहे, न विचारता खणता येत नाही.

नवखा

तुम्ही सगळ्यांनी मिळून मला घाबरवलंत. काणकोणला चापोलीच्या बाजूला एक लहान काजू-नारळाची जागा बघितली आहे, चार हजार चौरस मीटरच्या आसपास. एक-चौदावर एकच नाव, कूळ नाही, विकणारे पती-पत्नी दोघंही हयात. मदत कुठे मिळते?

फोंड्याचा मास्तर

मग घाबरताय कशाला, इतका स्वच्छ कागद दुर्मीळ. नगर नियोजन खात्याकडून झोनिंगचा दाखला घ्या, निबंधकाकडून बोजा नसल्याचा दाखला घ्या, आणि सर्व्हेच्या नकाशावरून हद्दीचे दगड प्रत्यक्ष मोजून घ्या. जायला वाट आहे ती हक्काची की शेजाऱ्याच्या मेहेरबानीची, हेही त्यातच कळेल. खरेदीखतानंतर म्युटेशनला (फेरफाराला) लगेच अर्ज करा, कारण एक-चौदावर नाव चढल्याशिवाय कृषी कार्डाला अडतं, आणि कार्डाशिवाय अनुदानाचं काही हलत नाही. तुमच्या विभागीय कृषी कार्यालयातल्या अधिकाऱ्याला ओळख करून द्या. दक्षिण गोव्याचं कृषी विज्ञान केंद्र मडगावला आहे. काजूची कलमं मात्र ओल्ड गोव्याला एला इथल्या आयसीएआरच्या (केंद्राच्या कृषी संशोधन परिषदेच्या) संस्थेतून आणा, आधी सांगून ठेवावं लागतं. झाडं म्हातारी असतील तर सगळी एकदम तोडू नका, टप्प्याटप्प्यानं बदला.

सत्तरीची सून

आणि नवखे भाऊ, यंदाच्या काजूच्या पावणीत (लिलावात) ही जागा आधीच कुणाला दिलीय का ते विचारून घ्या. हंगामाचे पैसे विकणाऱ्याने उचललेले असतील तर मेपर्यंत बोंडं त्या माणसाची. खरेदीखतात तसं लिहून घ्या, नाहीतर पहिल्याच हंगामात भाटीवाल्याशी (बोंडांची दारू गाळणाऱ्याशी) भांडण.