शब्दचर्चा: कॅलिफोर्नियाचा गव्हर्नर ‘राज्यपाल’ होतो का?

कॅलिफोर्नियाचे एकेकाळचे गव्हर्नर आणि बँकर जॉन डाउनी (1827–1894) यांच्या चरित्राचं भाषांतर चाललंय. ‘गव्हर्नर’, ‘लेफ्टनंट गव्हर्नर’, ‘बँकर’ यांना काय लिहावं? 1875 साली त्यांच्या बँकेने पेमेंट ‘सस्पेंड’ केलं, त्याला ‘दिवाळं’ म्हणावं का?

—

‘राज्यपाल’ नकोच. आपला राज्यपाल राष्ट्रपती नेमतात, कारभार मुख्यमंत्री हाकतो. तिकडचा गव्हर्नर मतांवर निवडून येतो आणि कारभारही तोच बघतो. ‘गव्हर्नर’च ठेवा. ‘नायब राज्यपाल’ लिहिलंत तर वाचक थेट दिल्लीत पोचेल, ‘उपगव्हर्नर’ चालेल. डाउनी निवडून आले ते उपगव्हर्नर म्हणूनच. जानेवारी 1860मध्ये गव्हर्नर मिल्टन लॅथम शपथ घेऊन पाचच दिवसांत अमेरिकेच्या सिनेटवर गेले, म्हणून राज्य डाउनींच्या हाती आलं.

—

‘व्हेटो’ येईलच, कारण सॅन फ्रान्सिस्कोचा समुद्रकाठ खासगी कंपनीला देणारं विधेयक डाउनींनी 1860मध्ये अडवलं. तिथे ‘नकाराधिकार’ बरोबर. ‘विधेयक रद्द केलं’ लिहू नका, कारण दोन्ही सभागृहांना दोन-तृतीयांश मतांनी तो नकार ओलांडता येत असे.

—

बँकरला ‘सावकार’? 1871ची फार्मर्स अँड मर्चंट्स बँक त्या शब्दात मावत नाही. 5 लाख डॉलर भांडवल, लोकांच्या ठेवी, डाउनी अध्यक्ष, आयझायस हेलमन भागीदार. ‘बँकेचे संस्थापक-अध्यक्ष’ लिहा, मोकळे व्हा.

—

पण दारं बंद झाली म्हणजे दिवाळंच की!

—

नाही. ठेवीतली थोडीच रक्कम तिजोरीत नाण्यांच्या रूपात असते, बाकीची कर्जात अडकलेली. ऑगस्ट 1875मध्ये सॅन फ्रान्सिस्कोची बँक ऑफ कॅलिफोर्निया बंद पडली आणि लॉस एंजेलिसमध्येही ठेवीदार घाबरले. कर्जं बुडीत नसली तरी ती एका दिवसात वसूल होत नाहीत. हेलमन युरोपात होते. डाउनींनी बँक बंद ठेवली. हेलमननी परतून ती उघडली आणि पुढे अध्यक्षपदही घेतलं. म्हणून ‘देणी तात्पुरती थांबवली’. शेजारची टेंपल अँड वर्कमन बँक 1876मध्ये कायमची बुडाली, ‘दिवाळं’ तिच्यासाठी राखून ठेवा. दोन्हीकडे एकच शब्द वापरलात तर हेलमननी नेमकं काय वाचवलं तेच कळणार नाही.

—

आणि ‘बँक रन’साठी ‘बँकेवर धाव’ कृपया नको. ‘ठेवी काढायला झुंबड उडाली’.