कॉम्प्रेसरआधी गळती शोधा

एअर सस्पेन्शनच्या गाडीत लोखंडी स्प्रिंगऐवजी हवा भरलेले रबरी फुगे, म्हणजे एअर स्प्रिंग, गाडी तोलतात आणि कॉम्प्रेसर त्यांत हवा भरतो. 'कॉम्प्रेसर नवा टाकला तरी सस्पेन्शनचा दिवा पुन्हा लागला, म्हणजे पार्टच निकृष्ट' असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. बहुतेक वेळा दुखणं दुसरीकडेच असतं. एअर स्प्रिंगच्या रबराला घडीपाशी बारीक भेगा पडतात, हवा हळूहळू निसटते आणि गाडीची उंची राखायला कॉम्प्रेसर सारखा चालू होत राहतो. तो मुळात थोडा थोडा वेळ चालण्यासाठी बनवलेला असतो. सतत राबवला की तापतो, पिस्टनची रिंग झिजते, कधी त्याला वीज देणारा स्विच, म्हणजे रिलेही चिकटतो. गळती तशीच ठेवून नवा बसवला तर त्याचीही तीच गत होणार.

माझ्या गाडीचा मागचा डावा कोपरा रात्रभरात खाली बसायचा आणि इंजिन सुरू केलं की थोड्या वेळाने वर यायचा. सर्व्हिस सेंटरने स्कॅनरवरचा कोड बघून थेट कॉम्प्रेसरचं एस्टिमेट हातात ठेवलं. गाडीखाली कुणी वाकूनही पाहिलं नाही, याचा मला आजही राग येतो. बाहेरच्या एका जुन्या मेकॅनिकने स्प्रिंगवर साबणाचं पाणी फवारलं, तर खालच्या घडीतून बारीक फेस यायला लागला. फक्त स्प्रिंग बदलली, कॉम्प्रेसर जुनाच आहे आणि व्यवस्थित चालतोय. तुमचा खरंच गेला असेल, तर रिले आणि हवा कोरडी करणारा ड्रायरही सोबतच बदलायला सांगा. ड्रायर निकामी असेल तर हवेतला ओलावा थेट व्हॉल्व्हमध्ये जातो.