क्युबाचं संकट देवाणघेवाणीने मिटलं, मग ते लपवलं का?

सागरवेळ (धागाकर्ता)
ऑक्टोबर १९६२च्या क्युबा संकटाबद्दल बहुतेकांच्या डोक्यात एकच चित्र पक्कं बसलंय: अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी ठाम राहिले, सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह घाबरून मागे हटले. हे अर्धसत्य आहे आणि त्याने पुढे फार नुकसान केलं, असं माझं ठाम मत आहे.

१४ तारखेला अमेरिकेच्या यू-२ या टेहळणी विमानाने क्युबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रतळांचे फोटो काढले. २२ला केनेडींनी टीव्हीवरून नाकेबंदी जाहीर केली. शब्द वापरला ‘क्वारंटाइन’, कारण नाकेबंदी ही कायद्याने युद्धाची कृती ठरते. २७ला, शनिवारी, क्युबावर एक यू-२ पाडलं गेलं आणि मेजर रुडॉल्फ अँडरसन हा वैमानिक ठार झाला. त्याच संध्याकाळी अध्यक्षांचे भाऊ रॉबर्ट केनेडींनी सोव्हिएत राजदूत दोब्रिनिन यांना आपल्या कचेरीत बोलावून घेतलं. तुम्ही क्युबातून क्षेपणास्त्रं काढा, आम्ही क्युबावर चढाई करणार नाही, हे उघड. तुर्कस्तानातली आमची ज्युपिटर क्षेपणास्त्रं चार-पाच महिन्यांत निघतील, हे मात्र कुठेही बोलायचं नाही. दुसऱ्या दिवशी मॉस्को रेडिओवरून माघार जाहीर झाली. एप्रिल १९६३ पर्यंत तुर्कस्तानातली क्षेपणास्त्रंही निघाली. त्या वेळच्या सल्लागारांनी या सौद्याची उघड कबुली दिली, तोवर १९८०चं दशक संपत आलं होतं.

मधल्या काळात लोकांनी धडा काय घेतला? दम भरला की समोरचा नमतो. मॅकनमारा, रस्क, बंडी ही संकटात केनेडींना सल्ला देणारीच माणसं पुढे व्हिएतनाममध्ये बाँबफेक वाढवत गेली.

मधलीवाट
सागरवेळ, व्हिएतनामचं खापर या गुप्ततेवर फोडणं मला पटत नाही. ते युद्ध व्हायला दुसरी पुष्कळ कारणं होती.

आणि उघड करायचं म्हणजे कसं? २७च्या सकाळी ख्रुश्चेव्हने तुर्कस्तानची मागणी रेडिओवरूनच केली होती. ती जाहीरपणे मान्य केली असती, तर अमेरिका स्वतःच्या सुटकेसाठी मित्रांना विकते असंच तुर्कस्तानसकट नाटो या लष्करी आघाडीतल्या प्रत्येक देशाला वाटलं असतं. केनेडींच्या सल्लागारांपैकी बहुतेकांचा या अदलाबदलीला विरोध होता, खुद्द केनेडी तिच्या बाजूने झुकले होते. वर नोव्हेंबरमध्ये काँग्रेसच्या निवडणुका. आपल्याकडे भावकीतला बांधाचा वाद तरी चारचौघांत मिटतो का? दोघांनाही मान खाली न घालता घरी जाता आलं पाहिजे. त्यासाठी दार लावून बोलावं लागतं.

खोलपाणी
तुम्ही दोघेही नेत्यांच्या शहाणपणावर बोलताय. त्याच शनिवारी समुद्राखाली काय चाललं होतं ते बघा. बी-५९ ही सोव्हिएत पाणबुडी. आत प्रचंड उकाडा, बॅटऱ्या उतरलेल्या, हवा कोंदलेली, मॉस्कोशी संपर्क नाही. वर अमेरिकन विनाशिका सरावाचे छोटे स्फोटक गोळे टाकतायत. वर या, एवढाच त्यांचा इशारा, पण आतल्यांना तो हल्ला वाटला. तिच्यावर अण्वस्त्र बसवलेला एक टॉर्पेडो होता आणि हे अमेरिकनांना माहीतच नव्हतं. पाणबुडीवरच्या एका अधिकाऱ्याच्या आठवणीप्रमाणे कप्तान सावित्स्की संतापून तो सज्ज करायला निघाला होता. वासिली अर्खिपोव्ह या अधिकाऱ्याने त्याला शांत केलं आणि पाणबुडी वर आली. हाच अर्खिपोव्ह १९६१मध्ये के-१९ पाणबुडीवरच्या अणुभट्टीच्या अपघातातून वाचला होता. किरणोत्साराने माणसं कशी मरतात हे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं.

हा माणूस दुसऱ्या पाणबुडीवर असता तर? मुत्सद्देगिरीने वाचवलं, असं मी तरी म्हणणार नाही.

कडकट्ट
मी तारखात्यात तीस वर्षं काढली, म्हणून एक गोष्ट सांगतो. दोब्रिनिन यांनी आठवणीत लिहिलंय की वकिलातीतून मॉस्कोला जाणारा संदेश आधी हाताने सांकेतिक भाषेत उतरवायचा, मग फोन केला की तार कंपनीचा पोऱ्या सायकलवरून येऊन तो घेऊन जायचा. जगाचं काय व्हायचं ते त्या पोऱ्याच्या पिशवीत. वाटेत तो कुठे रेंगाळला तर, या विचाराने मला आजही धडकी भरते. म्हणूनच जून १९६३मध्ये वॉशिंग्टन-मॉस्को थेट हॉटलाइनचा करार झाला. ती टेलिप्रिंटरची लाइन होती, लाल फोन नव्हे. खोलपाणी, नशीब होतं हे कबूल. पण नशिबावर विसंबायचं नाही म्हणून तार ओढतात, तीही मुत्सद्देगिरीच.

सह्यकडा
आपल्याला याची झळ थेट लागली. २० ऑक्टोबरला चीनने आपल्यावर हल्ला केला आणि त्याच आठवड्यात क्युबामुळे मॉस्कोला चीनला दुखवणं परवडेना. २५ला ‘प्रावदा’ या सोव्हिएत पक्षाच्या मुखपत्राने चीनकडे झुकणारी भूमिका घेतली. महिनाभरात यशवंतराव मुख्यमंत्रिपद सोडून संरक्षणमंत्री झाले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावल्याचं आपण अभिमानाने सांगतो, पण त्या दिवसांत मित्र म्हणवणाऱ्या मॉस्कोने आपल्याला मोजलं नाही, हे विसरतो.

सागरवेळ
कडकट्ट काका, सायकलचं वाचून अंगावर काटा आला. मधलीवाट, दार लावून बोलावं लागतं हे मान्य. संकट टळल्यावरही ते पंचवीस वर्षं लावून ठेवलं, माझी तक्रार तिथे आहे.

बाकीच्या देशांना कुणी मोजलं नाही, हा सह्यकडांचा मुद्दा मी मूळ लेखात घ्यायला हवा होता. तुर्कस्तानला कुणी विचारलं नाही, क्युबाचा नेता कॅस्ट्रोलाही नाही. कॅस्ट्रोची समजूत काढायला सोव्हिएत उपपंतप्रधान मिकोयान नोव्हेंबरच्या सुरुवातीला हवानाला पोचले आणि लगेच त्यांची पत्नी मॉस्कोत वारल्याची बातमी आली. ते अंत्यविधीला गेले नाहीत, हवानातच थांबले. कारण क्युबात लहान पल्ल्याची अण्वस्त्रं अजून शिल्लक होती, अमेरिकेला त्यांचा पत्ता नव्हता आणि ती कॅस्ट्रोला आपल्याकडेच हवी होती. २२ नोव्हेंबरला मिकोयाननी त्याला तोंडावर सांगितलं, तीही परत जाणार.