मदत हवी आहे: पलूसच्या टेकड्या, एकच चौकट, सगळे ऋतू. कधी जावं, कुठून टिपावं?

नमस्कार मंडळी,

वॉशिंग्टन राज्याच्या आग्नेय कोपऱ्यात पलूस नावाचा गव्हाचा मुलूख आहे (सांगलीकडचं पलूस वेगळं). कोलफॅक्स, पुलमन आणि सीमेपलीकडचं आयडाहोतलं मॉस्को ही तिथली मुख्य गावं. जिकडे बघावं तिकडे टेकड्या, सरळ रेघ औषधालासुद्धा नाही, आणि शेजारशेजारच्या उतारांवर वेगवेगळ्या रंगांची पिकं. तिथले जूनमधले हिरवेगार फोटो इंटरनेटवर तुमच्या नजरेस कधी ना कधी पडले असतीलच.

आम्ही सिअ‍ॅटलच्या बाजूला राहतो. आय-९० ने व्हँटेजपर्यंत, तिथे कोलंबिया नदी ओलांडून २६ नंबरच्या रस्त्याने थेट कोलफॅक्स, असा पाचेक तासांचा प्रवास. जूनमधला पलूस पाहून झालाय. स्टेप्टो ब्यूट या एकट्या उभ्या डोंगरावरून सूर्यास्त, युनियनटाउनचं हजारावर चाकांचं कुंपण असलेलं डाहमेन बार्न हे जुनं कोठार, वाटेत पलूस धबधबा, सगळं झालं. त्यामुळे कृपया "जूनमध्ये जा, स्टेप्टोवर चढा" एवढंच सांगू नका, ते सगळीकडे लिहिलेलं आहे.

माझं खूळ वेगळं आहे. एकच टेकडी, एकच चौकट, आणि वर्षभरात तिचे बदलणारे रंग. पेरणीची तपकिरी, कोवळी हिरवी, गर्द हिरवी, पिवळी, कापणीनंतरची धसकटं, बर्फ. हे फोटो एकाखाली एक लावायचे आहेत.

अडचण अशी की मला शेतीतलं ओ की ठो कळत नाही. दर आठवड्याला जाणं शक्य नाही, वर्षातून मोजक्या खेपा जमतील. त्या नेमक्या कोणत्या आठवड्यांत टाकाव्यात? चौकट स्टेप्टोवरून निवडावी की खालच्या एखाद्या मातीच्या रस्त्यावरून? वर्षाची सुरुवात कुठून धरावी? मी मे महिन्यापासून सुरू करायचं म्हणतोय, कारण रंग तिथून सुरू होतात.

कॅमेरा क्रॉप सेन्सरचा (म्हणजे लहान सेन्सरचा), लेन्स १८-१३५ मिलिमीटरची. गरज असेल तर लांब पल्ल्याची लेन्स भाड्याने घेईन. ड्रोन नाही आणि घ्यायचाही नाही.

आणखी एक. आई-बाबा उन्हाळ्यात येणार आहेत. एखादी खेप त्यांच्यासोबत व्हावी असं वाटतं, पण बाबांना चढण झेपत नाही. त्यांना तिथे रमण्यासारखं काही आहे का, की दोघं गाडीत बसून माझ्या नावाने खडे फोडतील?

---

प्रतिसाद १

पुलमनला विद्यापीठात काही वर्षं काढली आहेत, म्हणून लिहितो.

मे महिन्यापासून सुरू करू नका. तिथल्या शेताचं वर्ष शरद ऋतूत सुरू होतं. मुख्य पीक हिवाळी गहू. तो सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरतात, थोडा उगवतो, बर्फाखाली हिवाळा काढतो, वसंतात जोर धरतो आणि जुलैअखेर ते ऑगस्टमध्ये कापणीला येतो. म्हणजे एका पिकाची पूर्ण गोष्ट टिपायची तर पेरणीच्या वेळी तिथे जाऊन टेकडी निवडायला हवी. मे महिन्यात सुरू केलंत तर पुढच्या मेपर्यंत त्याच टेकडीवर भलतंच पीक उभं असेल आणि तुमचा पहिला नि शेवटचा फोटो जुळणार नाही.

कारण पिकांची फेरपालट. पूर्वेकडे, म्हणजे पुलमन-मॉस्कोच्या बाजूला पाऊस बरा होतो. तिथे साधारण तीन वर्षांचं चक्र असतं: एक वर्ष हिवाळी गहू, पुढच्या वर्षी वसंतात पेरलेला गहू किंवा जव, त्याच्या पुढच्या वर्षी मसूर, वाटाणा किंवा काबुली हरभरा. अधूनमधून कॅनोला, म्हणजे पिवळ्या फुलांचं तेलबियांचं पीक. पश्चिमेकडे पाऊस कमी, त्यामुळे एक वर्ष गहू आणि एक वर्ष जमीन पड, असा दोन वर्षांचा हिशोब. तुम्हाला रंगांची गोधडी हवी असेल तर पूर्वेकडेच थांबा. पश्चिमेकडचे तपकिरी-सोनेरी पट्टेही देखणे असतात, पण ते वेगळं चित्र.

आता खेपा. ऑक्टोबरमध्ये पहिली: काही उतार नुकते पेरलेले, काहींवर गव्हाची बारीक हिरवी रेघ, काहींवर नुसती धसकटं. जानेवारीच्या आगेमागे दुसरी, बर्फासाठी. तिसरी मेच्या शेवटच्या आठवड्यात, आणि ही चुकवू नका. तेव्हा हिवाळी गहू गर्द हिरवा असतो, वसंतातली पिकं नुकती उगवून फिकी असतात, मधेमधे उघडी माती दिसते आणि कॅनोला फुललेला सापडू शकतो. जूनच्या मध्यापर्यंत सगळंच हिरवं होत जातं. बहुतेक लोक त्यासाठीच येतात, पण माझ्या मते तोवर निम्मी मजा संपलेली असते. चौथी जुलैच्या मध्यात आणि पाचवी ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात, कापणी चालू असताना.

जुलैची खेप लोक टाळतात, म्हणून तिच्याबद्दल थोडं जास्त सांगतो. उत्तरेकडच्या उतारांवर ऊन तिरपं पडतं, ओल टिकते, म्हणून तिथलं पीक उशिरा पिकतं. दक्षिण उतार आधी पिवळे पडतात. त्या दिवसांत एकाच टेकडीची एक बाजू सोनेरी आणि दुसरी अजून हिरवट दिसते. हे फार थोडे दिवस टिकतं, आणि वर्षावर्षाला पाऊसपाण्याप्रमाणे आठवडाभर पुढेमागे होतं. तारखा आधी बांधून ठेवू नका, निघण्याच्या आठवड्यात अंदाज घ्या.

---

प्रतिसाद २

वरचं सगळं पटलं, फक्त स्टेप्टोबद्दल भर घालतो. स्टेप्टो ३,६१२ फूट उंच, आजूबाजूच्या शेतांच्या हजारेक फूट वर. खालचा सगळा प्रदेश दख्खनसारखा बसाल्टचा, आणि त्या लाव्हाच्या थरांतून डोकं वर काढून उभा राहिलेला त्याहून कितीतरी जुन्या क्वार्टझाइटचा हा डोंगर. वरून दिसणाऱ्या टेकड्या मात्र वाऱ्याने आणून टाकलेल्या बारीक मातीच्या. म्हणूनच त्या अशा गोलसर आणि दिशाहीन वाटतात.

वरून फोटो काढायला १८-१३५ पुरणार नाही. क्रॉप सेन्सरवरसुद्धा २०० च्या पुढेच खरी चित्रं सापडतात. १००-४०० भाड्याने घ्या. अख्खं दृश्य एका फोटोत कोंबलं की काहीच उरत नाही. दोन उतारांमधली एक वळणाची रेघ, एक झाड, एक धान्याचं कोठार, एवढंच उचलायचं. पण एक लक्षात ठेवा: लांबच्या लेन्सने दुपारी फोटो काढले तर जमिनीवरून उठणारी गरम हवा चित्र थरथरवते. ती फोकसची चूक वाटते आणि माणूस लेन्सला दोष देत बसतो.

तरीही वर्षभराच्या चौकटीसाठी मी स्टेप्टो निवडणार नाही. हिवाळ्यात वरचा रस्ता बर्फामुळे गाडीला बंद मिळू शकतो. शिवाय तीन-चारशेच्या लेन्सने तीच चौकट पुन्हा बसवणं वैतागाचं काम: वारा दणकून असतो आणि कॅमेरा केसभर हलला तरी चित्र सरकतं. खालच्या रस्त्याकडेची, ५०-७० च्या पल्ल्यात बसणारी टेकडी घ्या. चौकटीत न हलणारं काहीतरी असू द्या: विजेचा खांब, एकटं झाड, शेडचं टोक. पहिल्या फोटोचा प्रिंट सोबत न्या आणि त्याच्याशी जुळवून पुढचा फोटो लावा. नकाशावर खूण, ट्रायपॉडची उंची आणि लेन्सचा आकडा लिहून ठेवा.

दिशेचं तर कुणी बोलतच नाही. जूनमध्ये सूर्य तिथे वायव्येला मावळतो, तेही रात्री पावणेनऊच्या पुढे. डिसेंबरात नैर्ऋत्येला, दुपारी चारच्या सुमारास. चौकट पश्चिमेकडे तोंड करून निवडलीत तर संध्याकाळी सूर्य जवळजवळ समोरच येईल. उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे बघणारी चौकट घ्या, मग बाराही महिने प्रकाश बाजूने पडेल, आणि टेकडीची गोलाई बाजूच्या प्रकाशातच दिसते. दक्षिणेकडे बघाल तर तुमच्यासमोर उत्तर उतार येतील, जिथे हिरवा रंग आणि बर्फ दोन्ही जास्त टिकतात. मी तेच करेन.

बर्फात कॅमेरा सुचवेल त्याहून एक ते दीड स्टॉप जास्त एक्सपोजर द्या (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश), नाहीतर सगळं राखाडी येतं. हिरव्याच्या दिवसांत लेन्सवर पोलरायझर फिल्टर लावा, पानांवरची चकाकी जाते.

---

प्रतिसाद ३

मला ही एकाच चौकटीची कल्पना फारशी रुचलेली नाही, स्पष्ट सांगतो. पाच फोटो शेजारी ठेवले की तक्ता होतो, चित्र होत नाही. टेकडीला चिकटण्यापेक्षा पिकाच्या मागे जा. कापणीच्या वेळी उतारावर तिरपं चालणारं हार्वेस्टर बघा: खालची चाकं उताराला धरून आणि वरचा सांगाडा सरळ. उतारावर आपोआप समतल राहण्याची यंत्रणा याच भागातल्या रेमंड हॅन्सन यांनी १९४० च्या दशकात बसवली. मागून ऊन असताना त्या धुळीचा फोटो काढा. असो, खूळ तुमचं आहे.

लिहायला बसलो ते वेगळ्या कारणासाठी. तुम्हाला जी जमीन मोकळं रान वाटेल ती जवळजवळ सगळी खाजगी आहे. कुंपण नसलं तरी बांध ओलांडून आत जाऊ नका. पेरलेल्या शेतात तुमच्या बुटांचे ठसे पुढच्या कित्येक लोकांच्या फोटोत दिसतात आणि शेतकऱ्याचं पीक तुडवलं जातं ते वेगळंच. रस्त्यावरून फोटो काढा, नाहीतर घर शोधून विचारा.

ऑगस्टमध्ये सुक्या गवतावर गाडी उभी करायची नाही. गाडीच्या पोटाखालचा गरम भाग गवताला लागून आग लागते. २०२० च्या सप्टेंबरात याच काउंटीतलं मालडेन गाव वणव्यात बहुतांश जळून गेलं, त्यामुळे लोक याबाबतीत कडक आहेत आणि असायलाच हवेत. कापणीच्या दिवसांत अरुंद रस्त्यावर समोरून अख्खा रस्ता व्यापणारं यंत्र आलं तर मागे घ्यायची पाळी तुमची. काही मातीच्या रस्त्यांवर 'प्रिमिटिव्ह रोड' अशी पाटी असते. पाऊस झालेला असेल तर तिथे शिरू नका, ती माती चाकाला सोडत नाही.

---

धागालेखक

सगळ्यांचे मनापासून आभार! फेरपालटीचा मुद्दा माझ्या डोक्यातच नव्हता. आता ऑक्टोबरपासून सुरू करतो. पुलमनच्या उत्तरेला, दक्षिणेकडे बघणारी चौकट शोधेन.

पण मग एक प्रश्न उरतो. ऑक्टोबरमध्ये उघडी माती बघून त्यात हिवाळी गहू पेरलाय की ती जमीन वसंतातल्या पिकासाठी ठेवलीय, हे ओळखायचं कसं? आणि तक्ता म्हणणाऱ्या मित्रा, तुमचं म्हणणं कळलं. हार्वेस्टरच्या धुळीसाठी ऑगस्टमध्ये एक दिवस वाढवतो.

---

प्रतिसाद १ (पुन्हा)

पेरलेल्या शेतात बारीक, एकसारख्या, समांतर ओळी दिसतात आणि ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत त्या ओळींतून कोंब डोकावू लागतात. वसंतासाठी ठेवलेल्या जमिनीवर मागच्या पिकाची धसकटं असतात किंवा ढोबळ नांगरट. तरी शंका असेल तर दोन-तीन टेकड्या निवडून ठेवा आणि सगळ्यांचे फोटो काढा. मे महिन्यात आपोआप कळेल. त्याहून सोपं म्हणजे शेतावर कुणी दिसलं तर विचारा. "पुढच्या वर्षी इथे काय असेल?" या प्रश्नावर तिथला शेतकरी खुलतो असा माझा अनुभव आहे. पाणी-पावसापासून बाजारभावापर्यंत सगळं ऐकून मगच सुटका होते.

हिवाळ्याच्या खेपेला स्नोक्वाल्मी घाटातल्या रस्त्याची स्थिती बघून निघा, गाडीत चाकांना लावायच्या बर्फाच्या साखळ्या ठेवा.

---

प्रतिसाद ४

आई-बाबांसाठी: स्टेप्टोचा रस्ता डोंगराभोवती गोल गोल फिरत थेट माथ्यावर जातो, पायी चढावं लागत नाही. डिस्कव्हर पास (राज्य उद्यानांत गाडी नेण्याचा परवाना) लागेल, आणि उद्यानाच्या वेळा जाण्याआधी बघून घ्या. जूनमध्येसुद्धा वर गार वारा असतो, त्यांच्यासाठी जाड जॅकेट आणि घडीच्या खुर्च्या न्या. तिथलाच दुसरा डोंगर, कामियाक ब्यूट, टाळा, तिथे माथ्यासाठी पायवाटेने चढावं लागतं.

ते ऑगस्टमध्ये असतील तर पुलमनला मसूर महोत्सव भरतो, १९८९ पासून. भल्यामोठ्या भांड्यात मसुराची चिली (तिखटसर दाट रस्सा) शिजवून सगळ्यांना वाटतात. आमच्या सासूबाईंनी दोन वाट्या खाल्ल्या आणि फोडणी नाही म्हणून नाक मुरडलं, पण पुढची दोन वर्षं सगळ्यांना तेच सांगत होत्या. फक्त ऑगस्टमध्ये वणव्यांचा धूर पसरला असेल तर बाबांना घेऊन जाऊ नका, आदल्या दिवशी हवेची स्थिती तपासा. राहायची सोय पुलमन किंवा मॉस्कोत, पण विद्यापीठाचा कार्यक्रम असलेल्या आठवड्यात खोल्या मिळत नाहीत, तेव्हा आधीच ठरवा.