अनुभव धागा : केवायसीपायी अडलेली खाती

वर्षानुवर्षं त्याच शाखेतलं खातं. एक दिवस अचानक पैसे निघेनासे होतात आणि चौकशी केली की कळतं, "केवायसी बाकी आहे," म्हणजे ग्राहकाच्या ओळखीची आणि पत्त्याची पडताळणी. माझ्या आईचं हेच झालं. पेन्शन जमा होत होती, काढता येत नव्हती. आई अंथरुणाला खिळलेली आणि काउंटरवर एकच उत्तर, "त्यांना घेऊन या."

शेवटी मी रिझर्व्ह बँकेचे नियम वाचून काढले. कमी जोखमीच्या ग्राहकाची केवायसी १० वर्षांनी, मध्यम जोखमीची ८ आणि जास्त जोखमीची २ वर्षांनी. नाव-पत्ता काहीच बदललेलं नसेल तर तसं स्वतः लिहून दिलं की पुरतं. नोंदवलेल्या ईमेलवरून, मोबाइलवरून, अगदी पत्रानेसुद्धा. ७० वर्षांवरच्या ग्राहकांची केवायसीची कागदपत्रं घरी येऊन घ्यावीत, हे तर २०१७ पासून सांगितलेलं आहे. त्या परिपत्रकाची प्रत जोडून अर्ज दिला, पोच घेतली. मग अधिकारी घरी आले, आईची विचारपूस करून अंगठा घेऊन गेले. माणूस भला होता. पण तोवर आईच्या औषधांचे पैसे भाऊ भरत होता आणि स्वतःचे पैसे असून मुलाकडे मागावे लागतात, हे तिला फार लागलं.

फसवणूक रोखायलाच हवी, याबद्दल दुमत नाही. पण नियमातली सवलत ग्राहकालाच शोधून दाखवावी लागते, हे मला पटत नाही. तुमचं कुठे अडलं, कसं सुटलं, लिहा. खाते क्रमांक आणि कागदांचे फोटो मात्र इथे टाकू नका.

*

माझं नावावरून अडलं. आमच्याकडे लग्नात तांदळात नाव लिहून बदलतात. त्यामुळे पॅनवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव, तिन्ही वेगळी. संगणक म्हणतो, या दोन बाया आहेत. शाखेत कुणी स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र मागितलं, कुणी नवं पॅन काढून आणा म्हणालं. प्रत्यक्षात नियम असा की नाव नंतर बदललं असेल तर जुन्या नावाचा ओळखीचा कागदही चालतो, सोबत सरकारी विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्रातली प्रसिद्धी हवी. दाखल्यावर काम झालं. ज्यांनी अजून लग्नाची नोंदणी केलेली नाही, त्यांनी ती आधी करून घ्या.

*

वडील आयुष्यभर गवंडीकाम करत. सिमेंटने बोटांच्या रेषाच गेल्या, मशीन ठसा घेत नाही. पुसून, तेल लावून, सगळी बोटं लावून झालं. हयातीच्या दाखल्याला आता चेहऱ्यावरून ओळख पटवता येते, तिथे सुटलो. बँकेत मात्र मागे रांग आणि पुढे मशीन, अशा वेळी ते मान खाली घालतात. त्यांनी हात झिजवून घर उभं केलं. त्या हातांमुळे मान खाली जावी, हे मला बघवत नाही.

*

मला दिसत नाही. व्हिडिओ केवायसीत "कॅमेऱ्याकडे बघून पापण्या मिटा" आणि चौकटीत चेहरा आणा, यातच कॉल तुटायचा. अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या एका याचिकाकर्तीलाही पापण्या मिटता येत नाहीत म्हणून खातं उघडता आलं नव्हतं. त्यावर ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा मिळणं हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला आणि केवायसी सर्वांना जमेल अशी करायला २० निर्देश दिले. निकालाचा उल्लेख करून मी मेल केला. दुसऱ्या कॉलवरच्या बाईंनी पापण्यांचा हट्ट न धरता प्रश्न विचारून पडताळणी केली. म्हणजे जमतं!

*

मी बँकेत आहे, म्हणून दुसरी बाजू. भाड्याने दिलेली खाती, ज्यांना आम्ही म्युल अकाउंट म्हणतो, आमच्याच शाखेत सापडली आहेत. थोड्या पैशांसाठी कॉलेजची पोरं खातं देऊन मोकळी होतात आणि कुणाची तरी आयुष्यभराची पुंजी त्यातून पुढे जाते. तपासणीत एक कागद कमी निघाला तर जाब काउंटरवरच्याला. म्हणून तो जास्तीचा कागद मागतो. पण वर लिहिलेल्या सवलती आम्हाला नीट शिकवल्या जात नाहीत, हेही खरं.

*

माझं दुकान आहे. कुणा अनोळखी गिऱ्हाइकाने यूपीआयने पैसे दिले, ते फसवणुकीतले निघाले आणि माझं अख्खं खातं गोठलं. तक्रार दुसऱ्या राज्यातली. माल देणाऱ्यांचे चेक परतले. बँक म्हणते पोलिसांकडे जा, पोलीस फोन उचलत नाहीत. अजून सुटलेलं नाही. काही मार्ग आहे का?

*

दादा, कोणत्या ठाण्याची तक्रार, तिचा क्रमांक आणि वादातली रक्कम हे बँकेकडून लेखी घ्या. मग तपास अधिकाऱ्याला विक्रीच्या बिलासह ईमेल करा. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशाच प्रकरणांत पोलिसांनी कळवलेल्या रकमेपुरतंच खातं रोखा, असं बँकांना सांगितलं होतं. त्याचा दाखला देऊन बाकीची रक्कम मोकळी करा, असा अर्ज शाखेत आजच द्या. इतरांसाठी : केवायसीच्या लेखी तक्रारीला बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. पोच जपून ठेवा, तिथे तीच मागतात.